व्हेरियर एल्विन : आदिवासी कलेचे पाठीराखे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका परक्या माणसाचे चरित्र कशासाठी, असे काही वाचकांस वाटेल. आपण सारे पोटापाण्यासाठी मुलूख सोडून आलो आणि येथे आपली भाषा, आपले सण जपले. एल्विन आपला देश सोडून आले आणि त्यांनी जपले ते इतरांचे धन. शिवाय या कथेत एक मराठी माणूस आरंभापासून त्यांच्या सोबत आहे. म्हणून हे स्मरण आम्हांस अगत्याचे वाटते.

एल्विन यांचा जन्म १९०२ साली इंग्लंडमधील डोव्हर येथे झाला. वडील बिशप, शिक्षण ऑक्सफर्डचे. १९२७ साली ते पुण्यास ख्रिस्त सेवा संघात आले आणि लवकरच गांधीजींच्या सहवासात ओढले गेले. शामराव हिवाळे हे त्यांचे जन्माचे सोबती याच काळातले. १९३२ च्या जानेवारीत हे दोघे मैकल पर्वतातील करंजिया या गोंडांच्या गावी राहावयास गेले. तेथे त्यांनी शाळा, दवाखाना व कुष्ठरोग्यांसाठी आश्रय उभारला. आदिवासींना शिकवावयास आलेले एल्विन हळूहळू त्यांच्याकडूनच शिकू लागले. १९३५ साली त्यांनी चर्चशी संबंध सोडला. पुढे पाटणगढ हे त्यांचे गाव झाले.

बैगा, आगरिया, मुरिया अशा जमातींवर त्यांनी मोठे ग्रंथ लिहिले. शामरावांसह त्यांनी लोकगीते संग्रहित केली. मध्य भारतातील आदिवासी कलेवरील त्यांचा ग्रंथ १९५१ साली निघाला. मुरिया तरुणांनी कोरलेल्या फण्या, मुखवटे, मातीची खेळणी, भिंतींवरील चित्रे या वस्तूंकडे तोवर कला म्हणून पाहणारे थोडेच होते. ओडिशातील सावरांच्या घरी दुखणे आले, की तांदळाच्या पिठाने भिंतीवर चित्र काढीत. ते शोभेसाठी नसे. देवतेला वा पितराला राहावयास दिलेले ते घरच असे. एल्विन यांनी असा अर्थ समजून घेतला आणि या कलेचा ऱ्हास होत असल्याचे दुःखाने नोंदविले. जंगलावरचा हक्क गेला, बाहेरच्यांनी हिणविले, की हातातली कलाही जाते, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

त्यांचे चरित्र निर्दोष नव्हते. कोसी या गोंड तरुणीशी १९४० साली झालेला त्यांचा विवाह १९४९ साली मोडला, आणि तिच्या वाट्याला आलेल्या दुःखाचा विसर आम्हांस पडता कामा नये. पुढे पाटणगढच्याच लीला त्यांच्या सहचारिणी झाल्या.

१९५४ साली ते भारताचे नागरिक झाले आणि ईशान्य सीमा प्रदेशाचे आदिवासीविषयक सल्लागार म्हणून शिलाँगला गेले. तेथील माणसांना बाहेरचे कापड देण्यापेक्षा त्यांचे माग चालू राहावेत, केंद्रांतून त्यांचेच नमुने विणले जावेत, असा त्यांचा आग्रह होता. १९५९ साली त्या प्रदेशाच्या कलेवरही त्यांचा ग्रंथ आला. १९६१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

पुढची हकीकत पाहावयास ते नव्हते. शामरावांनी १९४६ सालच्या आपल्या पुस्तकात ज्या परधान गायकांचे वर्णन केले, त्याच समाजातील, त्याच पाटणगढचा तरुण जनगढ सिंह श्याम चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्या भारत भवनासाठी कलावस्तू गोळा करणाऱ्यांच्या दृष्टीस पडला. बाना वाजवून गाणाऱ्यांची दैवते त्याच्या कुंचल्याने कागदावर उतरली. १९८९ साली ती पॅरिसला पोहोचली. २००१ साली जपानमध्ये जनगढचा अकाली मृत्यू झाला. परंतु पाटणगढ आज चित्रकारांचे गाव म्हणून ओळखले जाते, आणि तेथील भज्जू श्याम यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली.

एल्विन यांची भीती खोटी ठरली, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. जेथे कलावंताला मान, काम व मोल मिळाले, तेथेच कला तगली. आपण ज्या प्रांतांत राहतो, तेथेही असे कलावंत आहेत. त्यांच्या दारी जावे, चित्र घेताना काढणाऱ्याचे नाव विचारावे आणि किमतीची घासाघीस करू नये. दूर देशी आलेल्या आपणांस, दुसऱ्याचे जपण्याचा एल्विन व शामराव यांचा हा धडा सहज गिरविता येईल.