डॉ. हाफकिन आणि हुबळीची टोचणी

इ. स. १८९८ साली हुबळीत प्लेगाने थैमान घातले होते. कापसाची पेठ आणि सदर्न मराठा रेल्वेचा कारखाना यांमुळे गजबजलेल्या या गावात त्या पावसाळ्यात रोज प्रेतयात्रा निघत होत्या. अशा वेळी हजारो हुबळीकरांनी आपला दंड पुढे केला आणि एका परदेशी शास्त्रज्ञाची लस टोचून घेतली. त्या शास्त्रज्ञाचे नाव वाल्देमार हाफकिन. मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्थेमुळे हे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु त्यांच्या कीर्तीत आपल्या गावाचाही वाटा आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. विख्यात जीवशास्त्रज्ञ मेच्निकॉव्ह हे त्यांचे गुरू. धर्मांतर केले असते, तर त्यांना प्राध्यापकपद मिळाले असते. ते त्यांनी केले नाही. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी साहाय्यक ग्रंथपालाचे काम पत्करले आणि उरलेल्या वेळात पटकीवरील लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

१८९६ च्या शरदऋतूत मुंबईत प्लेग उद्भवला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली आणि एक व्हरांडा एवढ्याच जागेत हाफकिन यांनी कामाला आरंभ केला. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की त्यांच्या आधाराने प्लेगाचे जंतू लोंबकळणाऱ्या झुंबरांसारखे खाली वाढतात, हे त्यांनी हेरले. असे वाढविलेले जंतू उष्णतेने मारून त्यांत थोडे कार्बॉलिक आम्ल घातले, की लस सिद्ध होई. आपल्या स्वयंपाकघरातील तूप प्रयोगशाळेत असे उपयोगी पडले, ही मोठी मौजेची गोष्ट! १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःलाच टोचली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे निम्म्या कैद्यांना टोचण्यात आले आणि निम्म्यांना नाही. दोन्ही गटांचे अन्न, पाणी व कोठड्या सारख्याच असल्यामुळे तुलना न्याय्य झाली. न टोचलेल्यांत सहा मृत्यू झाले. टोचलेल्यांत एकही नाही.

परंतु तुरुंग म्हणजे गाव नव्हे. सक्तीची तपासणी आणि घरझडती यांमुळे लोकांची मने तेव्हा सरकारविरुद्ध पेटलेली होती. पुण्यात रँडसाहेबाचा खून १८९७ मध्येच झाला होता. सरकारी सुई म्हटली, की संशय यायचाच. अशा काळात हुबळीत डॉ. लॉयमन यांच्या देखरेखीखाली मे १८९८ पासून टोचणी सुरू झाली आणि सप्टेंबरअखेरपर्यंत तीस हजारांहून अधिक लोकांनी ती घेतली. अनेकांनी तर दुसऱ्यांदाही टोचून घेतले. न टोचलेल्यांच्या मानाने टोचलेल्यांत मृत्यू कितीतरी कमी आढळले. टोचणीच्या अशा आकडेवारीच्या काटेकोरपणाविषयी प्लेग आयोगाने पुढे शंका काढल्या, पण लसीने रोग व मृत्यू घटतात, हे त्यालाही मान्य करावे लागले. माझ्या मते या यशाचे श्रेय जितके लसीला, तितकेच आपणहून दंड पुढे करणाऱ्या त्या अनामिक नागरिकांनाही आहे.

यानंतर दैव फिरले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. परळच्या प्रयोगशाळेतच लस दूषित झाली, असा ठपका ठेवून हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. वास्तविक प्रकार निराळा होता. बूच काढण्याचा चिमटा तेथील साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो पुरता निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंधी नव्हती. धनुर्वाताचे जंतू तीत आधीपासून वाढत असते, तर ती आलीच असती. शस्त्रक्रियेच्या खोलीत हत्यारे जमिनीला लागू नयेत, म्हणून परिचारिका एवढ्या का जपतात, ते यावरून ध्यानात येईल.

जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली. त्याच वर्षी ते निर्दोष ठरले. पण परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्यास त्यांना जागा मिळाली, परंतु माणसांवर नव्या लसींचे प्रयोग करण्याची मोकळीक नव्हती. सेवानिवृत्त होऊन ते युरोपात परतले.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. तेव्हा ते हयात होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचा अंत झाला.