निरपराध्यांचा कैवारी : सर आर्थर कॉनन डॉयल

शिक्षकाच्या व्यवसायात असताना वर्गात चोरून रहस्यकथा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांची पुस्तके मी अनेकदा काढून घेतली. भूगोलाच्या पुस्तकाआड दडविलेली ती पुस्तके माझ्या टेबलाच्या खणात जात. आणि खरे सांगावयाचे तर त्यांतील काही मी रात्री घरी नेऊन वाचूनही काढीत असे. दरवर्षी नवनव्या रहस्यकथा आणि गुन्हेगारीवरील कादंबऱ्या प्रसिद्ध होतात, तरुण मंडळी त्या आवडीने वाचतात आणि आम्ही वडीलधारी माणसे त्यास कालापव्यय म्हणून मोकळे होतो. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी, ज्यांच्यापासून या साऱ्या नव्या पुस्तकांनी काही ना काही उसने घेतले आहे, अशा एका थोर लेखकाचे चरित्र निवडले. मुंबईहून विलायतेस गेलेल्या एका गृहस्थाच्या कुटुंबाचाही त्यात संबंध येतो, आणि या चरित्रातील तोच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

आर्थर कॉनन डॉयल यांचा जन्म स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी 22 मे 1859 रोजी झाला. घराणे मूळचे आयरिश. वडील चार्ल्स हे सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस होते. चित्रकलेचे अंग चांगले होते, परंतु मद्याच्या व्यसनापायी त्यांची नोकरी गेली आणि अखेरची वर्षे मनोरुग्णालयात काढावी लागली. संसाराचा भार माता मेरी यांनी वाहिला. मुलांना गोष्टी सांगण्यात या माउलीचा हातखंडा होता, आणि कथनाचे पहिले धडे आर्थर यांस तिच्याकडूनच मिळाले.

1876 साली एडिंबरो विद्यापीठात त्यांनी वैद्यकीचे शिक्षण आरंभिले. तेथे डॉ. जोसेफ बेल नावाचे प्राध्यापक होते. समोर आलेल्या रोग्याचे हात, चाल, कपडे व बोलण्याची ढब पाहून ते त्याचा धंदा आणि तो कोठून आला हे सांगत असत. विद्यार्थिदशेतील डॉयल यांनी त्यांच्या हाताखाली काम केले व ही निरीक्षणाची रीत मनात साठवून ठेवली. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या शेरलॉक होम्सचे बीज ते हेच. मध्यंतरी 1880 साली देवमासे मारणाऱ्या एका जहाजावर वैद्य म्हणून ते उत्तर ध्रुवसमुद्रातही जाऊन आले.

1882 साली पोर्टस्मथनजीक साउथसी येथे त्यांनी दवाखाना थाटला. रोगी क्वचितच येत. त्या रिकाम्या वेळात त्यांनी लेखन केले. होम्सची पहिली कादंबरी 1887 साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्या सर्व हक्कांबद्दल त्यांना अवघे 25 पौंड मिळाले! 1891 च्या आरंभी व्हिएन्ना येथे नेत्रविद्येचे थोडे शिक्षण घेऊन त्यांनी लंडनमध्ये नेत्रवैद्य म्हणून पाटी लावली. तेथेही रोग्यांनी पाठच फिरविली. अखेरीस त्यांनी वैद्यकी सोडली. नेत्रविद्येचे ते शिक्षण तेव्हा सर्वथा वाया गेल्यासारखे दिसले असेल. तथापि ते कोठे उपयोगी पडले हे पुढे येईलच.

1891 च्या जुलैपासून ‘स्ट्रँड’ मासिकात होम्सच्या लघुकथा येऊ लागल्या आणि डॉयल यांचे नाव घरोघर झाले. चमत्कार असा की, लेखकास स्वतःस या कथांचे फारसे कौतुक नव्हते. आपण लिहिलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या हेच आपले खरे कार्य, अशी त्यांची समजूत होती. मातोश्रींनी एकदा परावृत्त केले असतानाही 1893 च्या डिसेंबरात त्यांनी स्वित्झर्लंडमधील धबधब्याच्या कड्यावर होम्सचा शेवट करून टाकला. वाचकवर्ग शोकाकुल झाला, मासिकाच्या कित्येक वर्गणीदारांनी वर्गणी बंद केली. आठ वर्षांनी होम्सच्या पूर्वायुष्यातील प्रसंग म्हणून एक कादंबरी त्यांनी दिली, आणि 1903 साली तर त्यास जिवंत करूनच परत आणले. एकंदर चार कादंबऱ्या व 56 लघुकथा एवढा हा होम्सचा संसार आहे. आपल्या ग्रंथांची पारख लेखकापेक्षा वाचकांनीच अधिक बरोबर केली, असे माझे मत आहे.

दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात, 1900 साली, ते ब्लूमफाँटेन येथील इस्पितळात वैद्य म्हणून राबले. 1902 साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. पहिल्या पत्नी लुईझा क्षयाने दीर्घकाळ अंथरुणास खिळल्या होत्या. 1906 च्या जुलैत त्यांचे निधन झाले. या दुःखाने खचलेले असतानाच जॉर्ज एदलजी यांचे प्रकरण डॉयल यांच्यापुढे आले.

जॉर्ज यांचे वडील शापूरजी एदलजी हे मूळचे मुंबईचे पारशी. ख्रिस्ती धर्म स्वीकारून ते इंग्लंडला गेले, तेथे एका इंग्रज बाईंशी विवाहबद्ध झाले आणि स्टॅफर्डशायर परगण्यातील ग्रेट वर्ली या खाणमजुरांच्या गावी पाद्री झाले. गोऱ्या गावाचा धर्मोपदेशक एक हिंदी मनुष्य, ही गोष्ट कित्येकांच्या डोळ्यांत सलत असे. कुटुंबास वर्षानुवर्षे निनावी, घाणेरडी पत्रे येत. 1903 साली त्या भागात रात्रीच्या वेळी गुरे-घोडी शस्त्राने चिरून टाकण्याचे प्रकार सुरू झाले. ऑगस्टमध्ये एका खाणीजवळच्या शेतात एक तट्टू जखमी आढळले व पोलिसांनी जॉर्ज यांस पकडले. जॉर्ज हे बर्मिंगहॅममध्ये वकिली करणारे, रेल्वेच्या कायद्यावर पुस्तक लिहिलेले, अबोल स्वभावाचे तरुण. ते रात्रभर माझ्याच खोलीत निजले होते, ही पित्याची साक्ष मानली गेली नाही. ते अटकेत असताना आणखी एक घोडा मारला गेला, तरीही सात वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. सुमारे दहा हजार लोकांनी सह्या करून अर्ज केला. तीन वर्षांनी, 1906 च्या ऑक्टोबरात, काही कारण न देता त्यांना सोडण्यात आले. पण कलंक तसाच राहिला आणि वकिलीची सनदही गेली.

1907 च्या जानेवारीत लंडनमधील एका हॉटेलात डॉयल यांनी त्यांना भेटीस बोलाविले. डॉयल यांस पोहोचण्यास उशीर झाला होता. जॉर्ज वर्तमानपत्र वाचीत बसले होते. परंतु ते त्यांनी डोळ्यांच्या अगदी जवळ आणि किंचित तिरपे धरले होते. डॉयल दुरूनच ते पाहत उभे राहिले. नेत्रवैद्य म्हणून ज्यांच्याकडे कोणी फिरकले नव्हते, त्या माणसास एका दृष्टिक्षेपात कळून चुकले की, या तरुणाची दृष्टी अत्यंत अधू आहे. पुढे तज्ज्ञाकडून तपासणी करविली तेव्हा तेच खरे ठरले. असा मनुष्य काळोख्या, पावसाळी रात्री रेल्वेमार्ग ओलांडून अर्धा मैल दूरच्या शेतात जातो आणि जनावराला अचूक जखम करून परत येतो, हे कसे संभवावे? खटल्यात या दृष्टिदोषाचा विचारच झाला नव्हता.

डॉयल स्वतः ग्रेट वर्ली येथे गेले, ती वाट पायांखाली घातली, पुराव्यातील कपडे व चिखल यांचा बारकाईने विचार केला. कोटावर सापडलेले घोड्याचे केस हा पोलिसांचा मोठा पुरावा. परंतु कोट आणि त्या जनावराच्या कातड्याचा तुकडा एकत्र बांधून नेले असल्यास ते केस कोठून आले हे सांगणे कठीण नव्हते. हे सारे त्यांनी ‘डेली टेलिग्राफ’मध्ये लिहिले आणि इतर पत्रांस फुकट छापता यावे म्हणून हक्कही राखून ठेवले नाहीत. सरकारने समिती नेमली. पण तिच्यातील एक सभासद परगण्याच्या पोलीसप्रमुखाचे दूरचे आप्त निघाले! 1907 च्या मे महिन्यात जॉर्ज यांना घोडा चिरल्याच्या आरोपातून माफी मिळाली. मात्र निनावी पत्रे त्यांनीच लिहिली असा ठपका ठेवून नुकसानभरपाई नाकारण्यात आली. डॉयल यांना याचा संताप आला आणि तो अखेरपर्यंत शमला नाही. येथे एक उणेही सांगितले पाहिजे. खरा गुन्हेगार म्हणून त्यांनी गावातील दुसऱ्याच एका इसमाकडे बोट दाखविले, आणि त्यास पुरेसा पुरावा नव्हता. होम्सने असे केले नसते.

जॉर्ज यांना सनद परत मिळाली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचे न्यायालय स्थापन करणारा कायदा झाला; त्यापूर्वी अशा खटल्यांत अपिलाची रीतसर सोयच नव्हती. हा कायदा होण्यास जी प्रकरणे कारण झाली, त्यांत हे एक होय. सप्टेंबरात डॉयल यांनी जीन लेकी यांच्याशी दुसरा विवाह केला, तेव्हा समारंभास जॉर्ज एदलजी अगत्याने उपस्थित होते. काही निनावी पत्रे आपण लिहिल्याचे एका मजुराने 1934 साली कबूल केले. शापूरजी 1918 सालीच वारले होते. जॉर्ज 1953 साली वारले. भरपाईचा एक पैही त्यांना मिळाला नाही.

यानंतर ऑस्कर स्लेटर या जर्मन ज्यू गृहस्थासाठीही डॉयल झगडले. ग्लासगोतील एका वृद्ध स्त्रीच्या खुनाबद्दल 1909 साली त्याला फाशी सुनावली गेली व नंतर ती जन्मठेपेत बदलली. डॉयल यांनी 1912 साली त्याच्यासाठी पुस्तिका लिहिली. तो 1927 साली सुटला व 1928 साली शिक्षा रद्द झाली. सरकारने दिलेल्या 6,000 पौंडांतून इतरांनी केलेला खटल्याचा खर्च मात्र त्याने परत केला नाही, म्हणून दोघांत बेबनाव झाला.

उत्तरायुष्यात डॉयल परलोकविद्येच्या नादी लागले. 1918 साली थोरला मुलगा किंग्जली व पाठोपाठ भाऊ गेल्यावर हा नाद वाढतच गेला. दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रेही त्यांनी खरी मानली. इतका चिकित्सक मनुष्य येथे का फसला, हे मला कधी उमगले नाही. पुत्रशोक झालेल्या बापाला नावे ठेवणेही जमत नाही. 7 जुलै 1930 रोजी क्रोबरो येथे त्यांचे देहावसान झाले.

आमच्या पिढीने बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा चोरून वाचल्या. होम्स आम्हांस पुढे भेटला. भालबा केळकरांनी होम्सच्या कथा मराठीत आणल्या आहेत. नव्या कादंबऱ्यांकडे वळण्यापूर्वी त्यांतील दोनचार तरी वाचाव्यात. प्रथम लघुकथा घ्याव्यात, कादंबऱ्या मागाहून. माझ्याकडे काही प्रती आहेत. सभासदांच्या मुलामुलींनी खुशाल घेऊन जाव्यात, परत आणून देण्याच्या बोलीवर.