एकवीस तारांचा वारसा

पश्चिम आफ्रिकेतील मांदे समाजाने आपला इतिहास शतकानुशतके कागदावर नव्हे, माणसांच्या तोंडी जपला. ही जोखीम ज्यांच्या शिरावर, ती घराणी म्हणजे जेली. कुयाते, दियाबाते, सिसोको ही त्यांची आडनावे. राजांच्या वंशावळी, लढाया, सोयरिकी त्यांनी गाऊन टिकवल्या. ज्याचे उभे आयुष्य खातेवह्यांत गेले, त्या माझ्यासारख्याला याचे अप्रूप वाटणारच.

सिदिकी दियाबाते अशाच घराण्यातले. १९२२ च्या सुमारास गांबियात जन्मले आणि पुढे मालीत आले. वाद्य कोरा. अर्ध्या भोपळ्यावर कातडे ताणलेले, २१ तारांचे, हार्पच्या जातीचे. दोन अंगठे आणि दोन तर्जन्या एवढ्यांनीच ते वाजवायचे. उरलेली बोटे वाद्य धरून ठेवतात.

मालीवर फ्रेंचांचे राज्य असताना किता गावी तरुणांनी काइरा नावाची चळवळ उभारली. काइरा म्हणजे शांती. सिदिकी तिच्यातले एक प्रमुख वादक. पिढ्यान्‌पिढ्या राजांचे आणि आश्रयदात्यांचे गुणगान करणारा कोरा येथे सामान्यांचा झाला. १९६० मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर सरकारने राष्ट्रीय वाद्यवृंद स्थापन केला, त्यातही ते होते. १९७० च्या सुमारास त्यांनी बातुरू सेकू कुयाते, जेलीमादी सिसोको आदींसह केलेली ध्वनिमुद्रिका निव्वळ कोरावादनाची पहिली मानली जाते. गाण्याच्या साथीला बसणारे वाद्य आता स्वतः बोलू लागले. १९७७ च्या लागोस महोत्सवात त्यांना कोराचा राजा म्हटले गेले.

एवढा मोठा वादक, पण मुलगा तुमानी याला त्यांनी समोर बसवून शिकवले नाही. पोलिओने पाय अधू झालेला हा मुलगा वडिलांचे वादन ऐकून आणि ध्वनिमुद्रिका लावून शिकला. आपल्याकडे घराणे म्हटले की गंडाबंधन आणि तालीम आठवते; येथे नुसता कान. रक्ताने वाद्यावरचा हक्क मिळतो, हात मात्र ज्याचा त्याने कमवायचा, हेच त्यातून दिसते.

सिदिकी १९९६ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी तुमानी आणि जेलीमादींचा मुलगा बालाके यांनी दोन कोरांचे वादन ध्वनिमुद्रित केले. ते १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. वडिलांच्या त्या जुन्या मुद्रिकेचे नाव होते ‘प्राचीन तारा’. मुलांनी त्याच्या आधी ‘नव्या’ एवढाच शब्द जोडला. तुमानीही २०२४ मध्ये गेले. त्यांच्या मुलाच्या हाती आज कोरा आहे. त्याचे नाव सिदिकी.