बटाट्यातली बांगडी

मंडळाचा कुठलाही कार्यक्रम बटाटेवड्याशिवाय पार पडत नाही, तेव्हा बटाट्याच्या एका डॉक्टरची गोष्ट दिवाळी अंकात चालून जायला हरकत नसावी. डॉक्टरचं नाव अर्विन फ्रिंक स्मिथ. आणि रोग आपल्या ओळखीचा, पुणे जिल्ह्यातला बांगडी रोग! हिरवंगार झाड एकाएकी मान टाकतं. बटाटा कापला की सालीच्या आत तपकिरी कडं दिसतं, दाबलं की त्यातून पांढुरका चिकट द्रव येतो. पुणे जिल्ह्यातल्या या रोगाची सरकारी नोंद १८९२ सालची आहे. पण तो कशामुळे होतो, हे तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं.

स्मिथचा जन्म १८५४ चा, न्यूयॉर्क राज्यातला. कुटुंब पुढे मिशिगनमध्ये शेती करायला गेलं. घरची परिस्थिती बेताचीच, त्यामुळे हायस्कूल पूर्ण व्हायला २६ वर्षांचं वय उजाडलं. तोवर गावातल्या चार्ल्स व्हीलर नावाच्या औषधविक्रेत्याबरोबर रानोमाळ हिंडून त्याने वनस्पतिशास्त्र आत्मसात केलं होतं. दोघांनी मिळून मिशिगनच्या वनस्पतींची सूचीच १८८१ मध्ये छापली. युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनची पदवी त्याला मिळाली १८८६ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी. त्याच वर्षी तो वॉशिंग्टनला अमेरिकन कृषी खात्यात लागला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

पहिलं काम मात्र हात पोळणारं निघालं. पीचच्या बागा पिवळ्या पडून मरत होत्या, त्याचं कारण शोधायचं होतं. स्मिथने वर्षानुवर्षं घालवली, त्यावर १८८९ मध्ये डॉक्टरेटही मिळवली, रोग कलमातून पसरतो हे दाखवलं, पण जंतू काही सापडला नाही. सापडणारही नव्हता. या जातीचे रोग करणारे अतिसूक्ष्म जीव १९६७ साली जपानी शास्त्रज्ञांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसले.

मग आला बटाटा. टोमॅटो, वांगं आणि बटाटा ही तिन्ही एकाच कुळातली. दक्षिणेकडच्या राज्यांत तिघांनाही सारखीच मर लागत होती. स्मिथने रोगट खोडातून जिवाणू वेगळा काढला, नळीत शुद्ध स्वरूपात वाढवला, सुईने निरोगी झाडात टोचला. झाड तसंच कोमेजलं आणि त्यातून तोच जिवाणू परत निघाला. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच पटेल, कारण बग पुन्हा घडवून दाखवल्याशिवाय तो सापडला असं कुणी मानत नाही. झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या जिवाणूंनी तुंबतात, म्हणून जमिनीत ओल असूनही झाड तहानेने मरतं. बटाट्यावरचे कोलोरॅडो भुंगेरे रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, हेही त्याने दाखवलं. १८९६ च्या डिसेंबरात अहवाल निघाला आणि जिवाणूचं बारसं झालं, बॅसिलस सोलॅनसिएरम.

एवढ्याने प्रश्न मिटावा ना? पण नाही! जर्मनीत लाइपझिगच्या आल्फ्रेड फिशर या प्राध्यापकाने १८९७ च्या आपल्या पुस्तकात मत मांडलं होतं की जिवाणू झाडांना रोग करूच शकत नाहीत, कारण पेशीची भिंत त्यांना ओलांडता येत नाही. ते मेलेल्या भागावर जगतात, बस्स. जिवाणूशास्त्राची पंढरी तेव्हा जर्मनी. तिथल्या प्राध्यापकापुढे कृषी खात्यातल्या अमेरिकन कारकुनाची काय कथा, असाच एकूण सूर. वास्तविक पेअरच्या करप्यावर बरिलने इलिनॉयमध्ये आणि हायसिंथवर वाकरने हॉलंडमध्ये स्मिथच्या आधीच काम केलं होतं. फिशर खरा ठरला असता तर ते सगळंच पाण्यात गेलं असतं आणि शेतकरी बुरशीच शोधत बसला असता. स्मिथने जर्मन नियतकालिकातच १८९९ आणि १९०१ मध्ये उत्तरं दिली. दुसऱ्या उत्तरात वाद कमी आणि रोगट पेशींचे फोटो जास्त होते. लिहिण्यात त्याने फारशी गोडी ठेवली नाही, पण फोटोंपुढे बोलायला जागा उरली नाही.

त्याच्या प्रयोगशाळेत वीसहून अधिक स्त्रियांनी काम केलं, आणि तेही बाटल्या धुण्याचं नव्हे, संशोधनाचं. झाडाच्या गाठींचा जिवाणू स्मिथ आणि टाउनसेंड यांनी १९०७ मध्ये जाहीर केला. पुढच्या मोठ्या अहवालांवर नेली ब्राउन आणि लुसिया मॅकलक ही नावं छापलेली आहेत. त्या गाठींवरून स्मिथ माणसाच्या कॅन्सरकडे वळला. तिथे माझ्या मते त्याची उडी जरा लांब गेली, कारण माणसाचा कॅन्सर असल्या जिवाणूने होत नाही. पण तो जिवाणू आपल्या डीएनएचा तुकडा झाडात घुसवतो, हे १९७७ मध्ये सिएटलला सिद्ध झालं, आणि आज जनुक बदललेली पिकं करताना त्याचाच उपयोग करतात.

मधल्या काळात, १९०६ मध्ये, पत्नी शार्लट गेली. तिच्या आठवणीत या रुक्ष माणसाने कवितांचं अख्खं पुस्तक छापलं, १९१५ मध्ये. स्मिथ १९२७ च्या एप्रिलमध्ये वारला.

त्याच्या बटाट्याच्या जिवाणूला १९९५ पासून राल्स्टोनिया म्हणतात. रोग झालेल्या झाडावर औषध अजूनही नाही. निरोगी बेणं आणि पिकांची फेरपालट, एवढंच हातात. ओळखण्याची साधी रीत मात्र कुठल्याही शेतकऱ्याला जमते. खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात लटकवायचं, थोड्या वेळात दुधाळ धागे खाली उतरू लागतात. २०२० मध्ये ग्वाटेमालाहून आलेल्या जिरेनियमच्या रोपांबरोबर बटाट्याला घातक असा त्याचाच प्रकार अमेरिकेत शिरला. सापडला तो स्मिथच्याच मिशिगनमध्ये, एका ग्रीनहाउसमध्ये.