विधवेच्या नावाची शॅम्पेन

शॅम्पेनची बाटली उघडली की फेस उसळतो, पण पेल्यातली वाइन नितळ असते. या नितळपणामागे एका तरुण विधवेची जिद्द आहे.

बार्ब-निकोल पोंसार्दां १७७७ साली फ्रान्समधल्या रँस शहरात जन्मली. वडील कापडाचे मोठे कारखानदार. १७९८ मध्ये ती क्लिको घराण्याची सून झाली आणि १८०५ मध्ये पती फ्रान्स्वा वारला. वय अवघे सत्तावीस, पदरी लहान मुलगी. सासरे वाइनचा धंदा बंद करायला निघाले होते. त्या काळी फ्रान्समध्ये विवाहितेला नवऱ्याच्या संमतीवाचून व्यापार करता येत नसे. विधवेला मात्र ती मुभा होती. तिने सासऱ्यांचे मन वळवले आणि त्यांच्याकडूनच भांडवल मिळवले.

पुढची वर्षे नेपोलियनच्या युद्धांची. परदेशी बाजारपेठा बंद पडल्या. १८१४ मध्ये शांतता होताच स्पर्धकांना सुगावा न लागू देता तिने दहा हजारांवर बाटल्या रशियाकडे रवाना केल्या. त्या हातोहात खपल्या.

आता अडचण होती गाळाची. शॅम्पेन बाटलीत दुसऱ्यांदा आंबते. त्यातून निघणारा वायू वाइनमध्येच कोंडला जातो. तोच तिचा फेस. पण यीस्टचा गाळही मागे उरतो. १८१६ च्या सुमारास तिने भोके पाडलेल्या टेबलात बाटल्या उलट्या खोचून त्या थोड्या थोड्या फिरवायला लावल्या. गाळ बुचाशी जमला की बूच काढून तेवढाच बाहेर टाकायचा. बाटल्या फिरवण्याची ही रीत आजही टिकून आहे.

१८६६ मध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ती गेली. बाटलीवर आजही 'वव्ह क्लिको' हे नाव असते. फ्रेंचमध्ये 'वव्ह' म्हणजे विधवा.