हिचकॉकला ‘त्या’ सीनमध्ये संगीत नको होतं, या गड्यानं तरी केलं आणि ‘सायको’ अजरामर झाला

बाथरूमचा पडदा. पडद्यामागं एक सावली. हात वर जातो, हातात भला मोठा सुरा. आणि मग कानात सुया टोचाव्यात तसा तो व्हायोलिनचा आवाज.

तुम्ही ‘सायको’ बघितला नसेल, तरी हा आवाज तुम्ही नक्की ऐकलाय. मीम्समध्ये, रील्सवर, कार्टूनमध्ये, कुणाची तरी फिरकी घेताना. सिनेमाच्या इतिहासात भीतीचा आवाज कोणता असं विचारलं, तर निम्मं जग हेच वाजवून दाखवेल.

पण हा आवाज ज्याच्या डोक्यातून निघाला, त्याचं नाव फार कमी जणांना माहिती असतं. सिनेमा हिचकॉकचा म्हणून ओळखला गेला, आणि संगीत देणारा टायटलच्या पाटीपुरता राहिला.

त्या माणसाचं नाव बर्नार्ड हरमन.

प्रतिभा अफाट आणि डोकं त्याहून गरम. दिग्दर्शकाचं न ऐकण्याची त्याला सवय होती. या सवयीनं त्याला मोठं केलं आणि याच सवयीनं त्याची सगळ्यात मोठी जोडी तोडली. त्याचीच ही गोष्ट.

न्यूयॉर्कचा हट्टी पोरगा

29 जून 1911 ला न्यूयॉर्कमध्ये एका ज्यू कुटुंबात हरमनचा जन्म झाला. आईवडील रशियातून अमेरिकेत आलेले. वडिलांना संगीताची आवड, त्यामुळं पोराला लहानपणापासून ऑपेराला न्यायचे, हातात व्हायोलिन दिलेलं. तेराव्या वर्षी पोरानं एका रचनेसाठी शंभर डॉलरचं बक्षीस मारलं आणि आपण संगीतच करायचं हे पक्कं करून टाकलं.

पुढं न्यूयॉर्क विद्यापीठ आणि ज्युलियार्डमध्ये शिक्षण झालं. विशीत पठ्ठ्यानं स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. 1934 मध्ये सीबीएस या रेडिओ कंपनीत नोकरी लागली.

आज आपल्याला रेडिओ म्हणजे गाडीत लावायची गोष्ट वाटते. तेव्हा मात्र अमेरिकेत घराघरात करमणूक म्हणजे रेडिओ. नाटकं रेडिओवरच व्हायची आणि तीही लाइव्ह. चित्र नाही, म्हणजे दार उघडलं, रात्र झाली, कुणाच्या तरी मनात पाप आलं, हे सगळं आवाजातूनच सांगायचं. आणि हातात वेळ किती, तर काही सेकंद.

हरमनची खरी शाळा ही. दोन-चार सुरांत माणसाच्या अंगावर काटा कसा आणायचा, हे तो इथं शिकला.

मंगळावरचे लोक आले आणि ऑर्सन वेल्स भेटला

रेडिओवर त्याची गाठ पडली ऑर्सन वेल्सशी. 30 ऑक्टोबर 1938 ला वेल्सनं ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ हे नाटक सादर केलं. मंगळावरून आलेल्यांनी पृथ्वीवर हल्ला केलाय, अशा खोट्या बातम्या मध्ये मध्ये येतात आणि त्या ऐकून काही श्रोत्यांची खरंच घाबरगुंडी उडाली होती. तो किस्सा तुम्ही ऐकला असेल.

त्या नाटकात बातमी येण्याआधी एका हॉटेलातलं नाचाचं संगीत निवांत वाजत असतं. ते वाजवून घेणारा होता हरमन.

पुढं वेल्सला हॉलिवूडनं बोलावलं. जाताना तो हरमनलाही घेऊन गेला. 1941 मध्ये पडद्यावर आला ‘सिटिझन केन’. आजही जगातल्या सर्वोत्तम सिनेमांच्या याद्यांत त्याचं नाव असतं. हरमनचा हा पहिलाच सिनेमा.

तेव्हाच्या हॉलिवूडची पद्धत काय होती? सिनेमा तयार झाला की शेवटच्या काही आठवड्यांत संगीतकाराला बोलवायचं. त्यानं चाली लिहायच्या, आणि कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं हे दुसऱ्याच माणसानं ठरवायचं. हरमनला हे अजिबात मान्य नव्हतं. कुठलं वाद्य कधी वाजणार हेच तर खरं संगीत, असं त्याचं म्हणणं. त्यामुळं शेवटपर्यंत तो सगळं स्वतः लिहायचा.

‘सिटिझन केन’मध्ये नवरा-बायकोच्या नाश्त्याचा एक प्रसंग आहे. काही मिनिटांत कित्येक वर्षांचा संसार विस्कटताना दिसतो. सुरुवातीला गोड वाटणारी चाल प्रत्येक वर्षागणिक कोरडी होत जाते. संवाद बंद करून नुसतं संगीत ऐकलं, तरी संसार मोडतोय हे कळतं.

त्याच सिनेमात केनच्या बायकोला गाता येत नसताना ऑपेरात उभं केलं जातं. हरमननं त्यासाठी एक खोटा ऑपेराच लिहिला. वाद्यं इतकी दणदणीत आणि स्वर इतके उंच की त्या बिचारीचा आवाज त्यात बुडून जावा. ती वाईट गाते हे कुणी सांगायची गरजच उरली नाही.

त्याच वर्षी त्यानं दुसरा सिनेमा केला, ‘ऑल दॅट मनी कॅन बाय’. ऑस्करला दोन्हींसाठी नामांकन मिळालं आणि दुसऱ्या सिनेमासाठी तो जिंकला. तिशीत ऑस्कर हातात. गंमत म्हणजे आयुष्यात मिळालेलं हे त्याचं एकमेव ऑस्कर.

नाव काढून टाका म्हणणारा माणूस

पुढच्याच वर्षी वेल्सचा ‘द मॅग्निफिसेंट अँबरसन्स’ आला. स्टुडिओनं वेल्सच्या माघारी सिनेमा कापला, नवे प्रसंग घुसवले आणि हरमनचं बरंचसं संगीतही काढून टाकलं. हरमननं थेट सांगितलं, माझं नाव काढा. आणि सिनेमा त्याच्या नावाशिवाय आला.

असाच हट्ट त्यानं ‘वुदरिंग हाइट्स’ या स्वतःच्या ऑपेराबाबत केला. पहिली बायको ल्युसिल फ्लेचर ही रेडिओ नाटकांची नावाजलेली लेखिका, तिनंच याची संहिता लिहिली. 1943 ते 1951 अशी आठ वर्षं तो या कामाला चिकटून होता. ऑपेरा पूर्ण होईपर्यंत दोघांचा संसार मोडला होता.

ऑपेरा मोठा होता, थोडा कापला तर रंगमंचावर आणता येईल असं त्याला सांगण्यात आलं. गड्यानं एक ओळ कापायला नकार दिला. 1966 मध्ये त्यानं स्वतः संचालन करून तो रेकॉर्ड केला, पण रंगमंचावर मात्र तो पहिल्यांदा आला 1982 मध्ये. तोवर हरमनला जाऊन जवळपास सात वर्षं झाली होती.

हिचकॉक आणि हरमन

1955 च्या ‘द ट्रबल विथ हॅरी’पासून आल्फ्रेड हिचकॉक आणि हरमन एकत्र आले. पुढच्या नऊ-दहा वर्षांत या जोडीनं जे केलं, त्याच्यावर आजही सिनेमाच्या शाळांत तास घेतले जातात.

‘द मॅन हू न्यू टू मच’मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या मैफलीचा प्रसंग आहे. त्यात वाद्यवृंदापुढं काठी हलवणारा माणूस म्हणजे स्वतः हरमन.

‘व्हर्टिगो’मध्ये उंचीला घाबरणारा नायक आहे. हरमननं सुरांचे छोटे तुकडे वर-खाली, वर-खाली फिरत ठेवले, पण ते कुठं टेकूच दिले नाहीत. गाणं समेवर येईल म्हणून आपण वाट बघतो आणि सम येतच नाही. ऐकणाऱ्यालाच गरगरायला लागतं. अमेरिकेत वादकांचा संप सुरू असल्यानं याचं रेकॉर्डिंग लंडन आणि व्हिएन्नात दुसऱ्याच्या हाताखाली झालं, याची खंत हरमनला होती.

‘द बर्ड्स’मध्ये तर त्यानं संगीतच ठेवलं नाही. पक्ष्यांचे आवाज एका इलेक्ट्रॉनिक वाद्यावर तयार झाले आणि हरमन त्याचा सल्लागार होता. कुठं वाजवायचं नाही, हे कळणं पण संगीतच की.

मग आला ‘सायको’

1960 चा हा सिनेमा हिचकॉकनं कमी पैशात, ब्लॅक अँड व्हाइट काढला होता. हरमननं ठरवलं की चित्रात रंग नाहीत, तर संगीतातही एकाच जातीची वाद्यं. बासऱ्या नाहीत, ट्रम्पेट नाहीत, ढोल नाहीत. फक्त व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बास. म्हणजे सगळी गजानं वाजणारी तंतुवाद्यं. हीच वाद्यं तोवर हॉलिवूडमध्ये प्रेमाच्या प्रसंगांना हमखास वापरली जायची.

सिनेमाच्या सुरुवातीला नायिका 40 हजार डॉलर चोरून गाडीतून पळते. पडद्यावर दिसतं काय, तर एक बाई गाडी चालवतीये. बस्स. आवाज बंद करून बघा, काहीच घडत नाही. आवाज सुरू करा, की छातीत धडधडायला लागतं.

आता मुख्य मुद्दा. शॉवरमधल्या खुनाला संगीत नको, अशी हिचकॉकची सूचना होती. पाण्याचा आवाज, किंकाळी, सुऱ्याचे वार, एवढंच पुरेसं आहे असं त्याचं मत होतं. हरमननं मान डोलावली आणि तरीही संगीत लिहिलं. व्हायोलिनच्या सगळ्यात उंच पट्टीत, गज घासून काढलेली किंचाळी. हिचकॉकनं दोन्ही प्रकार बघितले आणि आपली सूचना चुकली हे मान्य केलं.

एवढंच नाही, तर हरमनचं मानधन जवळपास दुप्पट केलं. सिनेमाच्या परिणामात तेहतीस टक्के वाटा संगीताचा आहे, हे श्रेयही हिचकॉकनं त्याला दिलं. ऑस्करवाल्यांनी मात्र या संगीताला साधं नामांकन पण दिलं नाही.

तोच हट्ट, पण यावेळी उलटा पडला

1964 चा ‘मार्नी’ फारसा चालला नाही. जमाना बदलत होता. बीटल्स आले होते, स्टुडिओला आता तरुणांना आवडेल, ज्याच्या रेकॉर्डी खपतील असं संगीत पाहिजे होतं. हिचकॉकवर दबाव वाढला. ‘टॉर्न कर्टन’साठी त्यानं हरमनला तसं कळवलं की जुनं पुरे, ठेका असलेलं काहीतरी कर.

हरमननं हो म्हणून काम घेतलं आणि केलं स्वतःच्याच मनाचं. 12 बासऱ्या, 16 हॉर्न, 9 ट्रॉम्बोन, सोबत चेलो आणि डबल बास. व्हायोलिन एकही नाही. सिनेमातल्या एका खुनाच्या प्रसंगालाही, नको सांगितलेलं असताना, त्यानं संगीत लिहिलं.

सहा वर्षांपूर्वी हेच करून तो जिंकला होता.

मार्च 1966 मध्ये रेकॉर्डिंग सुरू झालं. हिचकॉक स्टुडिओत आला, थोडं ऐकलं आणि सगळ्यांसमोर काम थांबवायला लावलं. सिनेमा जॉन एडिसन या दुसऱ्या संगीतकाराकडं गेला. त्यानंतर हिचकॉक आणि हरमन यांनी पुन्हा एकत्र काम केलं नाही.

चूक कुणाची? हिचकॉकनं स्पष्ट सांगितलं होतं, हे खरं. पण एडिसनचं संगीत आज किती जणांना आठवतं, हेही खरं.

शेवटचा डाव

याच काळात दुसरं लग्नही मोडलं होतं. हॉलिवूडमधून कामं आटली. हरमननं हळूहळू मुक्काम लंडनला हलवला, 1967 मध्ये तिसरं लग्न केलं.

पण हॉलिवूडला नकोसा झालेला माणूस नव्या दिग्दर्शकांना हवा होता. फ्रान्सच्या फ्रान्स्वा त्रुफोनं ‘फॅरेनहाइट 451’साठी त्याला बोलावलं. 1968 च्या ‘ट्विस्टेड नर्व्ह’ या ब्रिटिश सिनेमासाठी त्यानं एक शिट्टी बांधली. ‘किल बिल’मध्ये डोळ्यावर पट्टी बांधलेली नर्स हॉस्पिटलमधून शिट्टी वाजवत जाते ना? तीच ती. ब्रायन डी पाल्मानं ‘सिस्टर्स’ आणि ‘ऑब्सेशन’ त्याच्याकडून करून घेतले.

आणि मग आला मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘टॅक्सी ड्रायव्हर’.

आयुष्यभर जॅझपासून लांब राहिलेल्या माणसानं त्यात एकाकी सॅक्सोफोन वाजवून घेतला. न्यूयॉर्कची रात्र, ओले रस्ते आणि डोक्यात काहीतरी शिजत असलेला ड्रायव्हर. सिनेमाच्या शेवटी त्यानं ‘सायको’मधले तीन सूर पुन्हा आणून ठेवले. गोष्ट संपली असली तरी या माणसाच्या डोक्यातला धोका संपलेला नाही, हे सांगायला.

तब्येत ढासळली होती, तरी तो लॉस एंजेलिसला आला. 23 डिसेंबर 1975 ला रेकॉर्डिंग संपलं. त्याच संध्याकाळी त्यानं पुढच्या एका सिनेमाचं कच्चं संकलन बघितलं, जेवला आणि हॉटेलवर जाऊन झोपला. 24 तारखेच्या पहाटे तो झोपेतच गेला. वय 64.

‘टॅक्सी ड्रायव्हर’ त्याला अर्पण करण्यात आला. पुढच्या ऑस्करला ‘ऑब्सेशन’ आणि ‘टॅक्सी ड्रायव्हर’ अशी दोन नामांकनं मिळाली, पण बाहुली गेली ‘द ओमेन’च्या जेरी गोल्डस्मिथला.

आणि हिचकॉकनं नाकारलेलं ते संगीत? ते वाया गेलं नाही. 1977 मध्ये संगीतकार एल्मर बर्नस्टाईननं ते रेकॉर्ड केलं. पुढं 1991 मध्ये स्कॉर्सेसीनं ‘केप फिअर’ नव्यानं बनवला, तेव्हा बर्नस्टाईननं हरमनचं 1962 च्या मूळ सिनेमाचं संगीत घेतलं आणि त्यातच ‘टॉर्न कर्टन’चे काही तुकडेही जोडले. ज्या संगीताचं रेकॉर्डिंग भर स्टुडिओत थांबवलं होतं, ते 25 वर्षांनी थिएटरात वाजलं.