मापात औषध, मापाबाहेर विष

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरातल्या एजबॅस्टनच्या जुन्या चर्चमध्ये एका डॉक्टरचे स्मारक आहे. त्यावर फॉक्सग्लव्ह या रानटी झुडपाची घंटेसारखी फुले कोरलेली आहेत. हे झुडूप विषारी. पण त्याच्याच पानांतून विल्यम विदरिंगने थकलेल्या हृदयाला आधार देणारे औषध जगापुढे आणले.

विदरिंगचा जन्म १७४१ साली श्रॉपशर परगण्यातील वेलिंग्टनचा. एडिंबरोला शिकून १७६६ साली तो डॉक्टर झाला. विद्यार्थिदशेत वनस्पतिशास्त्राचा त्याला मनस्वी कंटाळा! पुढे स्टॅफर्डला असताना फुलांची चित्रे काढणारी हेलेना कुक्स त्याच्याकडे उपचारासाठी आली. तिच्यासाठी रानफुले गोळा करता करता कंटाळ्याची जागा छंदाने घेतली आणि १७७२ साली दोघांचे लग्न झाले.

१७७५ साली एका घरगुती औषधाबद्दल त्याचा सल्ला विचारण्यात आला. श्रॉपशरमधील एक म्हातारी अंगावर पाणी चढलेल्या रोग्यांना झाडपाला देई. डॉक्टरांनी हात टेकलेले काही रोगीही त्याने बरे होत, मात्र उलट्या-जुलाबांनी बेजार होत. त्या झाडपाल्यात वीसेक वनस्पती होत्या. खरा गुण फॉक्सग्लव्हचा, हे विदरिंगच्या जाणत्या नजरेने हेरले.

हृदयाचा स्नायू दुबळा झाला की रक्त पुरेसे पुढे ढकलले जात नाही. पायांवर सूज येते, दम लागतो. विदरिंगच्या काळी हे कारण नीट उमगलेले नव्हते. हे औषध मुख्यतः लघवी वाढवते, असेच त्याला वाटे. पण हृदयाच्या गतीवर त्याचा विलक्षण प्रभाव पडतो, हेही त्याने टिपले.

प्रश्न होता मात्रेचा. थोडे जास्त झाले की ओकाऱ्या, पिवळी-हिरवी दृष्टी, मंदावलेली नाडी आणि मृत्यू. ऋतूप्रमाणे पानांचा जोर बदलतो, म्हणून फुलोऱ्याच्या वेळची पाने वाळवून त्यांची पूड मोजून देण्याची पद्धत त्याने बसवली. गरिबांना तो फुकट तपासत असे. सुरुवातीचे प्रयोग त्यांच्यावरच झाले.

दरम्यान, त्याला बर्मिंगहॅमला येण्यास सुचवणारा डॉ. इरॅस्मस डार्विन, म्हणजे उत्क्रांतिवादी चार्ल्स डार्विनचा आजोबा, याने १७८० साली विदरिंगचे नावही न घेता या औषधाची माहिती छापली. पुढे मैत्री तुटली. तरी विदरिंगने घाई केली नाही. दहा वर्षांच्या अनुभवानंतर १७८५ साली त्याचा ग्रंथ निघाला. त्यात दीडशेहून अधिक रोग्यांच्या हकिकती होत्या. बरे झालेले, न झालेले, दगावलेले, सारे त्यात होते. सुरुवातीला आपण मात्रा फार मोठ्या दिल्या, ही कबुलीही होती. निवडक यश दाखवून नाव मिळवणे सोपे होते. पण मग त्या विषाने पुढे किती बळी घेतले असते!

क्षयाने पोखरलेला विदरिंग ६ ऑक्टोबर १७९९ रोजी वारला. १९३० साली फॉक्सग्लव्हच्याच दुसऱ्या एका जातीपासून डिजॉक्सिन वेगळे काढण्यात आले. १९९७ साली सुमारे ६,८०० रोग्यांवरील चाचणीचे निष्कर्ष आले: या औषधाने आयुष्य वाढत नाही, पण रुग्णालयाच्या खेपा कमी होतात. आज त्याहून प्रभावी औषधे आहेत. तरी काही रोग्यांना ही इवलीशी गोळी अजून दिली जाते. घरात कोणी ती घेत असेल, तर डॉक्टरांना न विचारता तिची मात्रा बदलू नये. विदरिंगने दहा वर्षे खर्चून शिकवलेला धडा तोच आहे.